घोडा उगाच उधळत नाही

लग्नसराई सुरू झाली की एक बातमी ठरलेली असते. वरातीत घोडा उधळला, नवरदेव खाली पडला, दोन-चार वऱ्हाडी जखमी झाले. ती चित्रफीत मोबाइलवरून घरोघर फिरते, लोक हसतात, आणि सगळ्यांचा सूर एकच असतो: जनावरच ते, त्याला कुठली अक्कल! जाणकार म्हणवणारा कुणी असेल तर तो आणखी पुढे जातो. घोडा मुळातच भित्रा आणि मठ्ठ, कागद उडाला तरी बुजतो, म्हणून त्याच्या तोंडात कडक लगाम हवा, हातात चाबूक हवा आणि त्याच्यावर माणसाची जरब हवी. जरब सुटली की अपघात झालाच म्हणून समजा, असं तो सांगतो.

हे म्हणणं मी मांडवात ऐकलं आहे, थंड हवेच्या ठिकाणी घोड्यांच्या तळावर ऐकलं आहे, चांगल्या शिकल्यासवरल्या मंडळींच्या बैठकीतही ऐकलं आहे. ते चुकीचं आहेच, पण त्याहून वाईट म्हणजे ते घातक आहे. ज्या गोष्टींमुळे घोडा उधळतो, नेमक्या त्याच गोष्टी इथे उपाय म्हणून सांगितल्या जातात. म्हणून या मताचा सविस्तर समाचार घेणं मला गरजेचं वाटतं.

आधी अकलेचं पाहू. घोड्याच्या बुद्धीचा विषय निघाला की कुणीतरी बर्लिनच्या हान्सची गोष्ट काढतोच. विल्हेल्म फॉन ओस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक. त्यांचा हान्स नावाचा घोडा बेरीज-वजाबाकी करतो, तारखा सांगतो, खुराने टापा मारून उत्तर देतो, अशी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची कीर्ती पसरली. १९०४ मध्ये तज्ज्ञांची समिती बसली. तिला कसलीही लबाडी सापडली नाही. मग ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने चिकाटीने प्रयोग केले आणि १९०७ मध्ये ते प्रसिद्ध केले. ज्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नाही अशा माणसाने प्रश्न विचारला की हान्स चुकायचा. विचारणारा त्याला दिसेनासा केला तरी चुकायचा. होत होतं असं की टापांची संख्या बरोबर उत्तराशी पोचली की विचारणाऱ्याच्या डोक्याची किंवा भुवयांची अगदी बारीक हालचाल नकळत व्हायची, आणि हान्स तेवढ्यावर थांबायचा.

ही गोष्ट सांगणारे इथे थांबतात आणि म्हणतात, बघा, घोड्याला काही येत नव्हतं. मला तिचा अर्थ नेमका उलटा लागतो. समितीतल्या विद्वानांना जी हालचाल दिसली नाही ती एका घोड्याला दिसत होती, आणि ती दर वेळी नव्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसत होती. फुंग्स्ट यांना तर मर्म कळल्यानंतरही स्वतःची हालचाल आवरता येईना. हान्सला गणित येत नव्हतं हे खरं, पण समोरचा माणूस त्याला पुरता कळत होता. घोड्याच्या पाठीवर बसणाऱ्याच्या, त्याच्या शेजारून चालणाऱ्याच्या दृष्टीने यातली कुठली अक्कल महत्त्वाची? आपल्याला त्याच्याकडून पाढे म्हणून घ्यायचे नाहीत. आपल्या मनात काय चाललंय ते त्याला कळतं की नाही, एवढाच प्रश्न आहे. आणि त्याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

त्यानंतरच्या अभ्यासांनी ते पक्कं केलं. इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी घोड्यांना माणसाच्या रागीट आणि हसऱ्या चेहऱ्यांची छायाचित्रं दाखवली. रागीट चेहरा दिसला की घोडे तो डाव्या डोळ्याने न्याहाळायचे आणि त्यांच्या हृदयाचे ठोके लवकर वाढायचे. पुढे २०१८ मध्ये त्याच गटाने दाखवलं की सकाळी ज्याचं रागीट छायाचित्र पाहिलं, तो माणूस काही तासांनी अगदी कोऱ्या चेहऱ्याने समोर आला तरी घोडा त्याच्यापासून सावध राहतो. म्हणजे माणूस ध्यानात राहतो आणि त्याचा रागही. स्वीडनमध्ये २००९ मध्ये केलेला प्रयोग तर मला फारच बोलका वाटतो. घोडा चालवत नेणाऱ्यांना आणि घोड्यावर बसलेल्यांना सांगितलं गेलं की या फेरीत वाटेत अचानक छत्री उघडली जाईल. माणसांच्या छातीतली धडधड वाढली. छत्री उघडलीच नाही. पण घोड्यांच्या हृदयाचे ठोकेही वाढले. घोडा छत्रीला घाबरला नव्हता, शेजारच्या माणसाच्या भीतीने घाबरला होता.

आता मठ्ठपणाचा आरोप. २०२४ मध्ये नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठात २० घोड्यांना एक खेळ शिकवला. नाकाने पुठ्ठ्याला स्पर्श करायचा, खाऊ मिळतो. मग नियम बदलला: दिवा लागला असताना स्पर्श केला तर खाऊ नाही. घोडे दिव्याकडे दुर्लक्ष करून स्पर्श करतच राहिले. पाहणाऱ्याला वाटावं, यांच्या डोक्यात काही शिरत नाही. मग तिसरा नियम आला. दिवा लागला असताना स्पर्श केला तर १० सेकंद खेळ बंद. आणि घोडे जवळजवळ लगेच सुधारले. नवं काही शिकायला त्यांना वेळ लागला नाही, कारण नियम त्यांना आधीच कळलेला होता. चूक केल्याने काही बिघडत नाही, हेही त्यांनी ओळखलं होतं. इथे शिक्षा होती ती फक्त थांबण्याची, चाबूक कुठेच नव्हता, हे मला मुद्दाम सांगायचं आहे. नॉर्वेत २३ घोडे दोन आठवड्यांत खुणांच्या पाट्या वापरून सांगायला शिकले की अंगावर झूल घाला, काढा किंवा आहे तसं राहू द्या. आणि त्यांची मागणी हवामानाला धरून असायची. पावसा-थंडीत झूल मागायचे, उन्हात काढायला लावायचे. आपली गरज माणसाला सांगता येते आणि माणूस ती ऐकतो, हे उमगल्यावर ते पाटीकडे जायला उत्सुक असायचे.

मग प्रश्न येतो, एवढा शहाणा प्राणी प्लास्टिकच्या पिशवीला का बुजतो? इथे आपण बुद्धी आणि भीती यांची गल्लत करतो. घोडा हा भक्ष्य म्हणून जगलेला प्राणी आहे. लाखो वर्षं ज्याने खळखळाट ऐकताच आधी पळ काढला आणि मग मागे वळून पाहिलं, तो वाचला. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे त्याला जवळपास सगळा भोवताल दिसतो. दिसत नाही ते फक्त कपाळाच्या अगदी समोरचं आणि शेपटीच्या थेट मागचं. कान वेगवेगळ्या दिशांना फिरतात आणि आपल्याला ऐकू न येणारे उंच पट्टीचे आवाज टिपतात. कातडी इतकी जागी की माशी बसली तरी तेवढाच भाग थरथरतो. अशा प्राण्याला अनोळखी गोष्ट अचानक दिसली तर तो आधी अंतर वाढवणार. ते अंतर त्याला मिळालं तर बहुतेक वेळा तो थांबतो, वळतो, मान उंच करून बघतो, फुरफुरतो, आणि धोका नाही असं वाटलं तर परत येतो. अंतर मिळालंच नाही तर मात्र तो उधळतो. घोड्याच्या बाबतीतला जवळजवळ प्रत्येक अपघात मला या एका गोष्टीपाशी आलेला दिसतो: त्याला बाजूला व्हायला जागा ठेवली होती का?

वरात आठवून पाहा. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी पाहिलेली एक वरात माझ्या मनातून जात नाही. पांढरी घोडी, अंगावर मखमली झूल, कपाळावर तुरा. पाठीवर नवरदेव आणि त्याच्यापुढे पाच-सहा वर्षांचा भाचा. मागे डीजेचा ट्रक, इतका जवळ की त्याच्या दिव्यांचा झोत घोडीच्या मागच्या पायांवर पडत होता. एका बाजूला उभ्या केलेल्या मोटारींची रांग, दुसऱ्या बाजूला दुकानांच्या पायऱ्या. पुढे नाचणारी पोरं. घोडी धरायला पायात स्लीपर घातलेला एक कोवळा मुलगा. मी तिच्या तोंडाकडे पाहत होतो. दोन्ही कान मागे ताठ झालेले, डोळ्यांवरची कातडी आकसून आलेली, नाकपुड्या ताणलेल्या, हनुवटी घट्ट. लगामाभोवती फेस आला होता आणि तो पांढरा नव्हता, गुलाबी होता. ती मान वर झटकायची, मुलगा खाली ओढायचा. ती एक पाऊल मागे सरकली की ट्रकचा आवाज अंगावर यायचा, म्हणून पुन्हा पुढे. लोक म्हणत होते, काय झकास नाचतेय!

मग कुणीतरी तिच्या पुढ्यात फटाक्यांची लड टाकली. मागे ट्रक, दोन्ही बाजूंना भिंत, समोर आग. तिला एकच दिशा उरली होती, वर. ती मागच्या पायांवर उभी राहिली. भाचा पायऱ्यांवर पडला, नशिबाने खरचटण्यावर निभावलं. वऱ्हाडातल्या दोघांनी घोडी धरणाऱ्या मुलाच्या कानाखाली लगावली. मुलाने घोडीच्या तोंडावर लगामाचा फटका मारला. लड टाकणाऱ्यांना कुणी अवाक्षर बोललं नाही.

घोडीने त्या आधी कितीतरी वेळ सांगून पाहिलं होतं. मी वर जी लक्षणं लिहिली ती माझी कल्पना नाही. घोड्याच्या चेहऱ्यावरून वेदना ओळखायची शास्त्रीय पद्धत २०१४ पासून पशुवैद्यांच्या हाती आहे. मागे ताठ कान, आकसलेले डोळे, डोळ्यांवरचा ताण, जबड्याचे फुगलेले स्नायू, घट्ट तोंड आणि हनुवटी, ताणलेल्या नाकपुड्या. कुणालाही थोड्या सरावाने शिकता येण्याजोगी ही यादी आहे. आपण वरातीत तिच्याच बाजूला उभे राहून टाळ्या वाजवतो.

म्हणून 'घोडा खुशीत नाचतो' हे म्हणणं मला मान्य नाही. काही घोडे शिकवलेले असतात, प्रेमाने शिकवलेलेही असतात, हे मी नाकारत नाही. पण जागच्या जागी पाय नाचवणं हे पळू न देता रोखून धरलेल्या घोड्याचंही लक्षण असतं. दोन्हींत फरक करायचा तर पायांकडे बघून चालत नाही, कान आणि तोंड बघावं लागतं. सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो. खरेदीला आलेली माणसं दात बघतात, भोवरे बघतात, देवमण आहे का बघतात, पंचकल्याणी असेल तर खूश होतात. भोवऱ्यावरून घोड्याचं नशीब सांगणारा माणूस ओठ उचलून लगामाच्या जागेवर जखम आहे का हे बघायला विसरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

त्या लगामाकडेच येऊ, कारण सगळी जरब तिथे येऊन थांबते. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्या मध्ये एक मोकळी जागा असते. तिथे हाडावर हिरडीचं पातळ आवरण, एवढंच. लगामाची लोखंडी कडी नेमकी तिथे आणि जिभेवर बसते. साधी, गुळगुळीत कडी आणि हलका हात असेल तर बोटभर खूणही घोड्याला पुरते. काटेरी लगामात त्याच कडीला टोकं असतात. ओढलं की ती टोकं जीभ आणि हिरडी यांच्यात घुसतात. समर्थक म्हणतात, त्याशिवाय तो थांबत नाही. वेदनेपासून पळणं हा घोड्याचा स्वभाव आहे, आणि इथे वेदना त्याच्या तोंडातच बांधलेली आहे. तो पळतो म्हणून आपण ओढतो, ओढतो म्हणून तो आणखी पळतो. मान आभाळाकडे गेलेल्या घोड्याला पायाखालचं नीट दिसत नाही, तो अडखळतो, पडतो. तीन-चारशे किलोंचं जनावर एकदा जिवाच्या आकांताने निघालं की त्याला थांबवण्याइतकी ताकद कुठल्याच मनगटात नसते. काटेरी लगामाने आपल्या हाती येतं ते त्याला दुखवणं. थांबवणं हे घोड्याच्या मर्जीवरच असतं, आणि ती मर्जी आधी कमवावी लागते.

हे सगळं परदेशातून आणलेलं शहाणपण आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी आपल्याच माळावर जाऊन मेंढपाळ धनगरांचा वाडा वाट चालताना बघावा. मेंढरांच्या मागून घोडी चालत असतात. पाठीवर अख्खं बिऱ्हाड: भांडी, घोंगड्या, खाट, वर बांधलेली कोकरं, कोंबड्या, कधी त्यावर बसलेलं लहान मूल. पुढे एखादी बाई चालते, हातात सैल दोर. वाटेत ट्रक जातात, कुत्री भुंकतात, ओढे लागतात. ही ठेंगणी, काटक भीमथडी घोडी. त्यांना आता राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून मान्यताही मिळाली आहे. त्यांच्यावर कोणाची जरब असते? शिंगरू असल्यापासून ती माणसांत, मेंढरांत, पोराबाळांत वाढलेली असतात. काय होणार आहे हे त्यांना ठाऊक असतं, आणि ज्यांच्याबरोबर चालायचं ती माणसं रोजची असतात. घोड्याला निर्धास्त करणाऱ्या या दोनच गोष्टी आहेत, आणि दोन्ही वरातीतल्या भाड्याच्या घोड्याला नाकारल्या जातात.

वारीतलं रिंगणही मी याच कारणासाठी पुन्हा पुन्हा दाखवतो. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात अंकलीच्या शितोळे सरकारांकडून दोन अश्व येतात. एकावर स्वार असतो, दुसऱ्यावर माउली बसतात या श्रद्धेने त्याची पाठ मोकळी ठेवतात. सदाशिवनगरजवळ पुरंदवड्याला गोल रिंगण लागतं. हजारो टाळ, मृदंग, माउलीचा गजर, चहूकडे माणसांचा समुद्र. गोंगाटानेच घोडे उधळतात हे खरं मानलं तर इथे काय व्हायला हवं? पण अश्व ठरलेल्या वाटेने धावतात, पाठ मोकळी असलेलाही धावतो. आवाज आहे, पण तो अचानक कानाशी फुटत नाही. गर्दी आहे, पण धावेची वाट मोकळी ठेवलेली असते, तीही पिढ्यान्‌पिढ्यांच्या शिस्तीने. धावणं झाल्यावर टापांखालची माती कपाळाला लावण्यासाठी आणि अश्वाला हात लावण्यासाठी जी झुंबड उडते ती मला खटकते. भक्तिभावाने पुढे केलेला हातही घोड्याच्या न दिसणाऱ्या बाजूने आला तर त्याला तो हातच असतो. दिंड्यांनी तेवढं आवरलं तर बरं.

घोड्याच्या वागण्याची जबाबदारी माणसावर टाकणं हा मराठी मुलखाला परका विचार नाही. भाकरी करपते, पान सडतं आणि घोडा अडतो ते एकाच कारणाने, न फिरवल्यामुळे, हे कोडं आपण लहानपणी घातलेलं असतं. चिपळूणकडे छावणीला असलेल्या लष्कराला शिवाजी महाराजांनी लिहिलेलं पत्र तर प्रसिद्ध आहे. दाणा-वैरण आताच मनाला येईल तशी उधळलीत तर पावसाळ्यात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरू लागतील, आणि मग ती तुम्हीच मारली असं होईल, असा त्यातला स्पष्ट इशारा आहे. त्याच पत्रात पेटती वात उंदीर ओढून नेतील, गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंतची काळजी आहे. घोडं मेलं तर दैवाला किंवा घोड्याला दोष द्यायची सोय त्या पत्रात ठेवलेली नाही. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा राज्यकर्ता उंदराचा विचार करतो आणि आम्हाला लडीचा करता येत नाही?

माथेरान, महाबळेश्वर अशा ठिकाणांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. माथेरानला मोटारींना बंदी, म्हणून घोड्यावर माणूस जातो आणि गॅसची टाकीही जाते. तिथले घोडे रोजच्या वाटेचे असतात, त्यामुळे बुजण्याचे प्रसंग कमी. तिथे धोका येतो तो बसणाऱ्याकडून. स्लीपर घातलेला पाय रिकिबीतून आरपार जातो, आणि पडल्यावर माणूस तिथेच अडकून फरफटतो. त्यासाठी टाचेचा बूट हवा, डोक्याला शिरस्त्राण हवं, लहान मुलाला तर हवंच हवं. तंग कसताना घोडा पोट फुगवून धरतो, ही त्याच्या हुशारीची साधी खूण आहे. म्हणून दहा पावलं चालवून तंग पुन्हा कसायचा असतो. घाई झालेला घोडेवाला ते टाळतो, आणि उतारावर खोगीर फिरतं. कासरा मनगटाला गुंडाळायचा नाही. जवळ जायचं ते खांद्याच्या बाजूने, आधी आवाज देऊन. मागून कधीच नाही. या गोष्टी कुठल्याही चांगल्या घोडेवाल्याला पाठ असतात. पर्यटकाला त्या सांगायला त्याला दोन मिनिटं मिळत नाहीत, कारण पर्यटकाला फोटोची घाई असते. आणि वजनाचं कुणी बोलतच नाही. १९६५ च्या केंद्रीय नियमांत तट्टाच्या पाठीवर लादायच्या ओझ्याची मर्यादा ७० किलो आहे. नव्वद किलोंचा गृहस्थ लहानखुऱ्या तट्टावर बसून चढ चढतो तेव्हा पाठीला तो ओझ्यासारखाच जड असतो.

आता सगळ्यात गंभीर आक्षेप. घोडेवाले म्हणतात, हे आमच्या पोटावर पाय देणं आहे, आणि घोड्याला आम्ही पोरासारखं सांभाळतो. त्यातला दुसरा भाग बहुतेकांच्या बाबतीत खरा आहे. स्वतः चहावर दिवस काढून घोड्याला हरभरा घालणारी माणसं मी ओळखतो. पण दाट तिथीला एका रात्रीत तीन-तीन वराती मारायला लावतो कोण? डीजे घोड्याच्या मागे बोटभर अंतरावर आणतो कोण? घोडा नाचला नाही तर पैसे कापीन म्हणतो कोण? गिऱ्हाईक. म्हणजे आपण. काटेरी लगाम घोडेवाला वापरतो ही त्याची चूक आहे आणि ती माफ करण्याजोगी नाही, पण ज्या परिस्थितीत साधा लगाम पुरेनासा होतो ती परिस्थिती पैसे देऊन आपण उभी करतो. घोडा लंगडा झाला, तोंडाचा हुळहुळा झाला, बुजरा म्हणून बदनाम झाला की नुकसान घोडेवाल्याचंच होतं. सुरक्षित घोडा जास्त वर्षं कमावतो. पोटाचा हिशेब मांडायचाच तर तोही काळजी घेण्याच्याच बाजूने लागतो.

माझ्या बाजूच्या काहींशीही मला भांडायचं आहे. ते म्हणतात, घोड्यांचा वापरच बंद करा. मुंबईतल्या व्हिक्टोरिया गाड्या उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये बेकायदा ठरवल्या. तो निर्णय योग्य होता, कारण डांबरी रस्त्यावर, वाहनांच्या धुरात, तबेल्यांच्या त्या अवस्थेत घोडे ठेवणं क्रूरपणाच होता. पण बंदी हा प्रत्येक ठिकाणचा उपाय होऊ शकत नाही. काम गेलेल्या घोड्याला रोज चारा लागतोच, आणि कमाई नसलेला मालक तो किती दिवस घालणार? रस्त्यावर सोडून दिलेला घोडा उकिरड्यावर प्लास्टिक खाऊन पोटशूळाने मरतो. घोड्याला ओकारी होत नाही, त्यामुळे पोटात गेलेलं चुकीचं अन्न त्याला बाहेर टाकताही येत नाही. धनगराच्या वाड्यातलं घोडं, वारीतला अश्व, माथेरानचं तट्टू यांना माणसापासून तोडून त्यांचं भलं होणार नाही. त्यांच्याशी वागायची रीत बदलली तर होईल.

आणि ती रीत कायद्यात आधीपासून लिहिलेली आहे. काटे किंवा टोकं असलेला लगाम वापरायला याच १९६५ च्या नियमांनी मनाई केली आहे. दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त नाही, पारा ३७ अंशांवर गेला की दुपारी बारा ते तीन काम नाही, हेही त्यात आहे. तरी एका यात्रेत खोगीर-लगामाच्या दुकानात काटेरी लगाम राजरोस टांगलेले मी पाहिले. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० आणि जास्तीत जास्त ५० रुपये. वरातीत उधळल्या जाणाऱ्या नोटांतली एक नोट. हा दंड वाढवला पाहिजे, ही मागणी जुनी आहे आणि ती रेटत राहायला हवी.

पण संसदेची वाट न बघता करण्यासारखं बरंच आहे. वरातीला पोलिसांची परवानगी घ्यावी लागते. त्या परवान्यात घोड्याच्या पुढे-मागे फटाके नाहीत, ध्वनिक्षेपकाची गाडी आणि घोडा यांच्यात मोकळं अंतर, घोड्याच्या एका बाजूला कायम मोकळी वाट, या अटी घालायला कुठल्या नव्या कायद्याची गरज नाही. ग्रामपंचायती आणि नगरपालिका हे ठराव करू शकतात. मंगल कार्यालयांनी दारात तशी पाटी लावावी. थंड हवेच्या ठिकाणी घोड्यांना क्रमांक दिले जातात, तिथे परवाना नव्याने देताना तोंडाची आणि पाठीची पशुवैद्याकडून तपासणी सक्तीची करावी, आणि शिरस्त्राणं तळावरच भाड्याने ठेवावीत.

तुळशीचं लग्न झालं की पुन्हा तिथ्या निघतील. ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी घोडा ठरवायला स्वतः जावं, दलालाच्या फोनवर विसंबू नये. दिवसा जावं. मालकाला लगाम दाखवायला सांगावं, कडीवरून बोट फिरवून बघावं, घोड्याचा ओठ उचलून हिरडी बघावी. त्या रात्री आधी किती वराती झाल्या असतील ते विचारावं. डीजेवाल्याला आणि गावातल्या पोरांना काय करायचं नाही ते आदल्या दिवशी बजावावं, आणि घोड्यापाशी घरातलं एक जबाबदार माणूस नेमावं. मालक काटेरी लगाम काढायला तयार नसेल तर तो घोडा घेऊ नये. मारुतीच्या दर्शनाला नवरदेव चालत गेला तरी लग्न लागतं.